मातीच्या गायीशेजारचं वासरू

आमच्या कामात फोन घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही त्याला उचललंय का?" समोरचा माणूस मोठ्या अभिमानानं सांगतो, हो हो, घरी आणलंय, पुसून काढलंय, दूधसुद्धा पाजलंय. आणि मी कपाळाला हात लावते.

दिल्लीत वन्यप्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता निवृत्त आहे, म्हणजे फोन दुसरं कोणी तरी उचलतं आणि मी घरी बसून त्यांच्या चुका काढते. मूळची मी कोल्हापूरची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा माहेरच्यांना वाटलं, पोरगी राजधानीत सुखात राहील. पोरगी नाल्यात उतरून घोरपडी धरत होती. दिल्लीत कसले आलेत वन्यप्राणी, असं लोक अजून विचारतात. मानेसरला कारखान्याच्या कामगारांच्या बसमध्ये सीटखालून धामण निघते, तेव्हा बस पूर्ण रिकामी होते आणि ड्रायव्हर टपावर सापडतो. करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात घोरपड शिरली होती. मालक काउंटरवर उभा राहून ओरडत होता की मगरीचं पिल्लू आहे. नोएडात एका आयटी कंपनीच्या छतात उदमांजर व्यालं, तर तिथल्या एचआरवाल्या बाईंनी मला विचारलं, "मॅम, प्लीज वीकेंडला याल का? वीकडेजना आमचे कॉल्स असतात."

पण साप, घोरपड हे सोपं काम. त्यांना माणूस नको असतो आणि माणसाला ते नको असतात, दोघांचं एकमत असतं. अवघड असतात ती माणसांना आवडणारी पिल्लं. एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही, म्हणून इथं छापून ठेवते. गवतात एकटं पडलेलं पाडस बहुतेक वेळा अनाथ नसतं. हरणांच्या आणि नीलगायींच्या माद्या पिल्लाला गवतात दडवतात, स्वतः लांब चरायला जातात आणि दिवस कलला की येऊन पाजतात. पिल्लू अंग चोरून गप्प पडून राहतं, कारण तेच त्याचं संरक्षण. त्या वेळात एखादा दयाळू माणूस तिथून जातो, "अरेरे" म्हणतो आणि त्याला उचलून घरी आणतो. संध्याकाळी आई येते तर जागा रिकामी. आमच्याकडे वाचवून आणलेल्या पिल्लांतली कितीतरी खरं तर पळवून आणलेली असतात. आणि माणसाच्या हातावर वाढलेला प्राणी परत रानात जाऊ शकत नाही. आमच्या केंद्रात एक नीलगायीचा नर होता, कुठल्याशा फार्महाऊसवर बाटलीनं वाढवलेला. लहान होता तोवर त्याच्याबरोबर सगळ्यांनी फोटो काढले. मोठा झाल्यावर तो माणसांनाच आपला कळप समजायला लागला, आणि वयात आलेला नर कळपातल्या दुसऱ्या नराला जे करतो ते त्यानं मालकाला केलं. मालकाच्या बरगड्या मोडल्या. तेव्हापासून तो जाळीच्या आत एकटा. त्याला चारा टाकताना मला दर वेळी वाईट वाटायचं, आणि दर वेळी राग यायचा.

आता इंटर्न. दर हंगामाला आमच्याकडे इंटर्न यायचे. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतली, परदेशात शिकणारी मुलं सुट्टीत यायची, महागडे बूट घालून. चार दिवस फोटो काढायची आणि पाचव्या दिवशी पिंजऱ्यातली घाण काढायची वेळ आली की त्यांना ताप यायचा. त्यामुळे इंटर्न म्हटलं की माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं. वांजिरू आली तेव्हाही झालं.

परदेशात शिकायला गेली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. वांजिरूसाठी परदेश म्हणजे ग्रेटर नोएडा. ती केनियाची, नैरोबीजवळच्या एका गावची. शिष्यवृत्तीवर इथल्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकायला आलेली आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आमच्याकडे इंटर्नशिपला. लोक तिला विचारायचे, तुमच्याकडे सिंह घरात येतात का? ती शांतपणे सांगायची की सिंह तिनं शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला, तोही झोपलेला. मेट्रोत लोक टक लावून बघायचे, घरमालक दोनदा भाडं वाढवून गेला होता. यातलं काही ती तक्रार म्हणून सांगत नसे, विचारलं तर सांगे. हिंदी ती रिक्षावाल्यांकडून शिकली होती, त्यामुळे तिच्या वाक्यांत "भैया" जरा जास्त असायचा. पिंजरे धुवायची, तेही न सांगता. मला आवडायला लागली, पण मी तसं दाखवलं नाही. खडूस म्हणून नाव कमावलं होतं, ते एका पोरीसाठी का घालवा?

वसुबारसेच्या दिवशी दुपारी फोन आला. बोलणारा मराठी होता, सैन्यातला हवालदार जाधव, साताऱ्याकडचा. सकाळी पळायला गेला असताना त्याला नाल्याकाठच्या गवतात नीलगायीचं वासरू सापडलं होतं. घरी आणलं होतं, पण ते दूध घेईना आणि एकसारखं ओरडत होतं. मी विचारलं, सकाळी आणलंत आणि फोन आत्ता का? तो जरा घुटमळला. म्हणाला, "मॅडम, आज वसुबारस हाय ना. बायकांनी ठिवून घेतलंय."

मी आणि वांजिरू व्हॅन घेऊन निघालो. लष्करी छावणीच्या आत परदेशी मुलीला कुणी सोडलं नसतं, पण ही वस्ती छावणीच्या भिंतीबाहेर होती. क्वार्टर न मिळालेली जवानांची कुटुंबं तिथं भाड्यानं राहतात. पलीकडे नाला आणि नाल्याच्या कडेनं माणूसभर उंच गवत. वाटेत वांजिरूला वसुबारस म्हणजे काय ते सांगितलं. दिवाळीचा पहिला दिवस, बायका मुलाबाळांसाठी उपवास करतात, तिन्हीसांजेला गाय-वासराची पूजा करतात आणि मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपवास सोडतात. दिल्लीत रस्त्यावर गायी खंडीभर, पण वासराबरोबर हिंडणारी एक शोधून दाखवा. म्हणून इकडच्या मराठी बायका मातीची गाय-वासरं पुजतात. वांजिरूनं विचारलं, पूजा कधी असते म्हणालात? तिन्हीसांजेला, म्हटलं. तिनं खिडकीतून सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅम, आईपण तेव्हाच येणार."

जाधवांच्या घरासमोरच्या अंगणात आम्ही पोचलो आणि मी जागच्या जागी थांबले. पाटावर मातीची गाय ठेवली होती, गळ्यात झेंडूची माळ घातलेली. तिच्या शेजारी, रांगोळीच्या मधोमध, खरं वासरू. लांबच लांब पाय, मोठे कान, अंगावर खणाची झूल. चंदनाच्या साबणानं आंघोळ घातलेली होती, तो वास दारापर्यंत येत होता. कपाळाला हळदीकुंकू आणि त्यावर अक्षता. ते बिचारं मातीच्या गायीकडे बघून ओरडत होतं. भोवती सात-आठ बायका, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, दिवसभर उपाशी. एवढं प्रेमानं केलेलं चुकीचं काम मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मधे बसलेली होती ती सुमन, जाधवांची बायको. मी तिला सांगितलं की वासरू लगेच परत न्यायला हवं. ती म्हणाली, न्या की, पण पूजा झाल्यावर. मी म्हटलं, पूजेच्या वेळीच याची आई तिकडं याला शोधत येईल. ती म्हणाली, पाच मिनिटांची तर पूजा. माझं डोकं सटकलं. मी कायद्याची भाषा सुरू केली. संरक्षित प्राणी आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, नवऱ्याची नोकरी वगैरे. बायकांचे चेहरे दगडासारखे झाले. हवालदार जाधव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. सुमननं वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "माझं पोरगं साताऱ्याला हॉस्टेलात हाय, मॅडम. यंदाबी ह्यांना सुट्टी न्हाई, म्हणून दिवाळीला आत्याकडं चाललंय. मी त्याच्यासाठी येवढं एकच करती वर्षातनं. दरसाल मातीच्या वासराला पुजती. आज देवानं खरं धाडलं, आन् तुम्ही म्हणताय सोडून द्या?"

यावर कायद्यात उत्तर नाही. जबरदस्तीनं उचलून नेता आलं असतं, पण ओढाओढीत पाडस घाबरून मेलेलं मी पाहिलं आहे. आणि सूर्य खाली चालला होता.

वांजिरू एवढा वेळ मागे उभी होती. ती पुढे आली, पायातले बूट काढले आणि रांगोळीच्या बाहेर जमिनीवर बसली. बायका तिच्याकडे बघायला लागल्या. तिनं सुमनला तिच्या रिक्षावाल्या हिंदीत विचारलं, "दीदी, ये पूजा किसकी है?"

सुमन म्हणाली, गाय की और बच्चे की.

वांजिरूनं पाटाकडे बघितलं. "तो गाय कहाँ है?"

सुमननं मातीच्या गायीकडे पाहिलं, मग वासराकडे. वांजिरूनं आवाज न चढवता सांगितलं की गाय आहे, तिकडं गवतात आहे, अंधार पडायच्या आत ती येईल. आज सापडलं नाही तर उद्या कदाचित येईल, परवा येणार नाही. पूजा तिथंच करा, लांबून, दोघांची. मला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी उपाशी बाईला असं विचारायची माझी छाती झाली नसती. सुमन बराच वेळ वासराच्या कानामागं खाजवत राहिली. मग तिनं झूल काढली, माळ काढली आणि नवऱ्याला म्हणाली, "उचला. कुठनं आणलं ते नीट दाखवा."

एका बाईनं ओल्या फडक्यानं वासराचं कपाळ पुसायला घेतलं, तेव्हा वांजिरूनं तिला थांबवलं. आता अजून हात नकोत. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, असं सगळ्यांना वाटतं, ती भाकडकथा आहे. पण चंदनाचा साबण, उदबत्ती, हळद, कुंकू एवढं सगळं एकदम लागलेलं पाडस मी तरी आईकडे कधी परत दिलं नव्हतं. मला खात्री नव्हती. ते मी कोणाला सांगितलं नाही.

खरी भीती कुत्र्यांची होती. मटणाच्या दुकानामागं त्या वस्तीत कुत्र्यांची टोळीच होती आणि नीलगायीची पाडसं दिल्लीच्या कडेला कुत्रीच जास्त मारतात. वासरू गवतात ठेवून गेलो आणि ते ओरडलं, तर आईच्या आधी कुत्री पोचणार. आम्ही दोघी आणि जाधव मिळून एवढी कुत्री आवरणं शक्य नव्हतं. जाधव म्हणाला, काठ्या घेऊन चार जवान बोलावतो. मी म्हटलं, जवान नकोत, त्या गडबडीत आई जवळ यायची नाही. मग सुमन घरात गेली आणि भाकऱ्यांची चवड घेऊन बाहेर आली. नैवेद्याच्या भाकऱ्या, सगळ्या बायकांनी मिळून थापलेल्या. एकीनं विचारलं, अगं, आणि आपण काय खायचं? सुमन म्हणाली, "भात टाकू. येवढ्यानं कोण मरत न्हाई." तिघीजणी भाकऱ्या मोडत, यु यु करत कुत्र्यांना मटणाच्या दुकानापलीकडच्या मैदानात घेऊन गेल्या. उरलेल्या बायका गल्ल्यांच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

जाधवनं जागा दाखवली, गवताच्या अगदी कडेची. गवत तिथं अजून दबलेलं होतं, वासराच्या अंगाच्या आकाराचं. त्यानं ते तिथं ठेवलं. आम्ही मागं सरत सरत एका पडक्या कंपाउंडच्या भिंतीआड जाऊन बसलो. वांजिरू, सुमन, जाधव आणि मी.

मग वाट बघणं. हे आमच्या कामातलं सगळ्यात मोठं काम आणि हे कोणाला दाखवता येत नाही. दिवाळीच्या दिवसांत दिल्लीची हवा म्हणजे धूर आणि धूळ, डोळे चुरचुरतात. सूर्य तांबडा होऊन धुरातच विरला. वासरू ओरडायचं थांबलं होतं, दमलं असावं. मला वाटलं, आता हे ओरडलं नाही तर आईला कळणार कसं? आणि ओरडलं तर कुत्र्यांना कळेल. दोन्हीकडून जीव टांगणीला. सुमन ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. वांजिरू अजिबात हलत नव्हती. तिला नंतर विचारलं तर म्हणाली, आमच्याकडची हरणंही पिल्लं अशीच दडवतात, आणि माझी आजी सांगायची की बघणाऱ्यानं आईला घाई करू नये. हल्ली ती तिच्या देशात हेच काम करते, मला अधूनमधून पिल्लांचे फोटो पाठवते. कोणालाही उचलून घेतलेलं नसतं, सगळी गवतात.

आई आली. नाल्याच्या पलीकडून, तांबूस-भुरक्या रंगाची, मान पुढे काढून, चार पावलं टाकायची आणि थांबायची. सुमननं माझं मनगट धरलं. मादी गवतात शिरणार, तेवढ्यात शेजारच्या कॉलनीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. ती उधळली आणि नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली. वासरू उठून उभं राहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडायला लागलं.

सुमन तटकन उठली. आता कुत्री येतील, त्याला घरी आणते, असं म्हणत ती पुढे निघालीच होती. वांजिरूनं तिचा पदर धरला.

"बैठो दीदी. वो सुन रही है."

"नहीं आएगी अब," सुमन म्हणाली.

"आएगी. आपको बैठना पड़ेगा."

सुमन बसली. मी खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर उठून गेले असते. एवढी वर्षं काढूनही माझा धीर सुटला होता. उजेड इतका कमी झाला की नाल्यापलीकडचं गवत आणि जनावर वेगळं ओळखू येईना. मग जाधवनं न बोलता बोट दाखवलं. ती परत आली होती, आणि या वेळी तिच्या मागं आणखी एक पाडस होतं, जुळ्यातलं दुसरं. ती वासरापाशी पोचली. वास घेतला आणि नाकातून फुर्र करून एक पाऊल मागे सरली. चंदन. वासरू तिच्याकडे झेपावलं, ती आणखी सरली. पुन्हा मान खाली घालून हुंगलं, कान, मान, पाठ. आणि मग ती त्याचं कपाळ चाटायला लागली. हळद, कुंकू, अक्षता, जे जे आम्ही लावलं होतं ते सगळं ती चाटून चाटून काढत राहिली. ते झाल्यावरच तिनं पाय फाकवले आणि वासरू तिच्या पोटाखाली शिरलं. त्याची शेपटी हलायला लागली.

गल्ल्यांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांनी तिथूनच हात जोडले. दिवा नाही, ओवाळणं नाही, कोणी आवाज केला नाही. थोड्या वेळानं मादी दोन्ही पाडसांना घेऊन गवतात आत गेली.

सुमननं हात जोडले नव्हते. ती गवताकडे बघत बसली होती. वांजिरूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "ताई, ती भ्यालेली, तरी चालत आली वो. आन् मी दरसाल फोनवर ओवाळती त्याला."

वांजिरूला मराठी येत नव्हतं, पण तिनं सुमनच्या खांद्यावरचा हात काढला नाही. हवालदार जाधव आमच्यामागं उभा होता. तो खाकरला. मग म्हणाला, "तू जा त्याच्याकडं. सकाळी तत्काळमध्ये बघतो तिकीट. मी जेवीन की पलटणीच्या लंगरमध्ये."

सुमननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, साडीला चिकटलेली कुसळं झटकली आणि बॅग काढायला घराकडे निघाली.